मरणानंतरची पायपीट

अवघड व्हिडिओ गेममध्ये पात्र मेल्यावर खेळाडूकडून किती हिरावून घ्यावे, यावर वाद घालणारे बहुतेक जण कडक शिक्षा आणि सौम्य शिक्षा अशा दोन तटांवर उभे राहतात. अनेक वर्षे असे खेळ खेळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, शिक्षा किती मोठी आहे यापेक्षा ती कशावर पडते हे पाहिले पाहिजे. कमावलेले पैसे गेले, शस्त्र गेले, अनुभवाचे गुण गेले, तर ते सोसता येते. पण जिथे आपण चुकलो त्याच जागी पुन्हा उभे राहण्याची संधी लांबणीवर पडली, तर खेळातला आनंद हमखास आटतो.

माझ्या भाच्याला हे मान्य नाही. तो नाशिकमध्ये आमच्याकडे राहून इंजिनिअरिंग शिकतो, आणि मी अंबडच्या कारखान्यातून घरी परतल्यावर, रात्रीच्या जेवणानंतर, आमचा वाद बऱ्याचदा याच विषयावर येऊन थांबतो. "मामा, गमावण्यासारखं काहीच नसेल, तर जिंकून तरी काय मिळवलं?" असे तो विचारतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. २००७ च्या बायोशॉकमध्ये मेलेला खेळाडू जवळच्या यंत्रातून पुन्हा जिवंत होऊन बाहेर येतो आणि शत्रूला झालेली इजा तशीच राहते, त्यामुळे कितीही मोठ्या शत्रूला धडका देत देत संपवता येते. पुढे ती यंत्रे बंद ठेवण्याचा पर्याय त्या खेळात द्यावा लागला. २००८ च्या प्रिन्स ऑफ पर्शियामध्ये तर नायकाची सोबतीण एलिका दर वेळी हात धरून खेळाडूला वर ओढते आणि मरण असे येतच नाही. कड्यावरून उडी घेताना पोटात जो गोळा यायला हवा, तो तिथे येत नाही, हे मलाही कबूल आहे.

परंतु यावरून शिक्षा जितकी कडक तितका खेळ सरस, असा निष्कर्ष निघत नाही. २०१८ चा सेलेस्ट हा खेळ याचे सर्वांत स्पष्ट उत्तर आहे. एकेका पडद्याएवढ्या जागेत काटे, सरकते ठोकळे आणि हवेतल्या उड्या यांची अशी काही गुंफण केलेली असते की तिथे मरण क्षणाक्षणाला येते. पण मेल्यावर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच त्याच पडद्याच्या सुरुवातीला आपण पुन्हा उभे असतो. काहीही जात नाही, फक्त मरणांची संख्या वाढते, आणि त्या संख्येचा अभिमान बाळगा असे खेळच आपल्याला सांगतो. तो सोपा आहे असे त्याच्या शेवटच्या भागांपर्यंत पोहोचलेला कोणीही म्हणणार नाही. अवघडपणा ही एक गोष्ट आहे आणि अपयशाची किंमत ही दुसरी, आणि या दोहोंची गल्लत आपल्याकडच्या चर्चांमध्ये सतत होत असते.

दुसऱ्या टोकाला १९८० चा रोग (Rogue) हा खेळ आहे, ज्यात अक्षरांनी काढलेल्या भुयारात एकदा मेले की सारे संपले. इतकी कठोर शिक्षा असूनही तो खेळ आणि त्याच्या वळणावर गेलेले पुढचे असंख्य खेळ लोक आवडीने खेळत आले, कारण प्रत्येक डावात भुयार नव्याने रचले जाते. मेलेला खेळाडू आधी पाहिलेली वाट पुन्हा तुडवत नाही. तो नव्या डावात जुने शहाणपण घेऊन शिरतो. २०२० च्या हेडीसने यावर आणखी एक सुंदर भर घातली. मरून घरी परतलेल्या नायकाशी घरातली माणसे दर वेळी काही नवे बोलतात, त्यामुळे हरणे हीच गोष्ट पुढे सरकण्याची एक रीत होऊन बसते.

खरी तिढ्याची जागा आहे ती फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या खेळांची. डीमन्स सोल्स २००९ मध्ये आला आणि डार्क सोल्स २०११ मध्ये, आणि तेव्हापासून "मेल्यावर साठवलेले आत्मे, म्हणजे त्या खेळातले चलन, तिथेच सांडतात, परत जाऊन ते उचलावेत, वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले" हा नियम अवघड खेळांचा जणू प्रमाण नियम झाला. या नियमाबद्दल माझी तक्रार नाही. सांडलेल्या आत्म्यांकडे परत जाताना तोच कॉरिडॉर वेगळा दिसू लागतो, कुठल्या कोपऱ्यामागे कोण दबा धरून बसला आहे हे अंगवळणी पडते, आणि एखादा जवळचा रस्ता उघडला की केलेल्या श्रमांचे चीज होते. माझी तक्रार आहे ती बॉसच्या, म्हणजे टप्प्याच्या शेवटी भेटणाऱ्या बलाढ्य शत्रूच्या, दारापर्यंतच्या पायपिटीबद्दल, जिला खेळणारे रनबॅक म्हणतात. तो रस्ता एकदा पाठ झाला की त्यात शिकण्यासारखे काही उरत नाही; बॉसच्या तिसऱ्या वारातून कसे निसटायचे हे शिकायचे असते आणि त्यासाठी दर वेळी तेच जिने, तेच पूल आणि तेच पहारेकरी ओलांडावे लागतात.

तबल्याच्या शिकवणीत मी हे फार जवळून पाहिले आहे. कायदा, म्हणजे तबल्यातली ठरावीक बोलांची रचना, वाजवताना बोल अडखळला, तर गुरुजी सगळा कायदा पहिल्यापासून वाजवायला लावत नसत. तेवढाच तुकडा, लय निम्मी करून, हात बसेपर्यंत घोटून घेत. सलग वाजवण्याची परीक्षा असायचीच, पण ती नंतर, तुकडा बसल्यावर. चांगल्या खेळाने घोटण्याची वेळ आणि परीक्षेची वेळ यांत असाच फरक करावा, अशी माझी अपेक्षा आहे, आणि २०२२ च्या एल्डन रिंगने तो बऱ्याच अंशी केला. त्यात अनेक मोठ्या लढतींच्या जवळच मारिकाचे खुंट ठेवलेले आहेत, जिथून मेलेला खेळाडू थेट लढाईच्या तोंडाशी उभा राहतो. आत्म्यांच्या जागी आलेले रून मात्र पूर्वीसारखेच सांडतात. म्हणजे शिक्षा राहिली, पायपीट गेली, आणि त्यामुळे तो खेळ मिळमिळीत झाला असे मला एकदाही वाटले नाही.

सांडलेली वस्तू परत मिळवण्याच्या नियमातही एक खोच आहे, जी मला २०१७ च्या हॉलो नाइटमध्ये प्रकर्षाने जाणवली. तो खेळ भटकण्याचा आहे; एखादी वाट जमली नाही तर दुसरीकडे जावे, तिथे काही नवे सापडावे, आणि मग बळ घेऊन परतावे, अशीच त्याची रचना आहे. पण मेल्यावर आपले सगळे जिओ, म्हणजे तिथले पैसे, त्या जागी आपल्याच सावलीपाशी अडकून पडतात, म्हणून जिथून निघून जाणे शहाणपणाचे तिथेच मन ओढले जाते. डर्टमाउथमधली जीजी एक कुजके अंडे घेऊन ती सावली बोलावून देते खरी, पण ही सोय खेळाडूला पुष्कळ उशिरा उमगते. याउलट २०१९ च्या सेकिरोमध्ये मेल्यावर निम्मे पैसे आणि पुढच्या कौशल्यगुणासाठी साठलेला निम्मा अनुभव कायमचा जातो, परत मिळवण्याची वाटच नाही. कागदावर ही शिक्षा अधिक कठोर आहे. तरीही ती मनाला हलकी वाटते, कारण गेले ते गेले, पूर्ण झालेले कौशल्यगुण शाबूत राहतात, आणि आता कुठे जायचे हे ठरवायला आपण मोकळे असतो.

सर्वांत अन्यायकारक शिक्षा मात्र ती, जी हरणाऱ्यालाच आणखी दुबळा करते. डीमन्स सोल्समध्ये शरीररूपात, म्हणजे पूर्ण जीवनपट्टी असताना, मेलात की त्या प्रदेशाचा कल (त्याची बरी-वाईट अवस्था) काळवंडत जातो आणि शत्रू अधिक बलवान होतात. शिवाय मेलेल्या खेळाडूची जीवनपट्टी निम्म्यावर येते. परिणामी जाणकार खेळाडू मुद्दाम नेक्ससमध्ये, म्हणजे जिथे मरण्याने कल बदलत नाही अशा जागी, उंचावरून उडी मारून मरतात, शरीररूप असे आधीच टाकून देतात आणि मगच मोहिमेवर निघतात. ज्या नियमाला वळसा घालण्यासाठी खेळाडूला आत्महत्या करावी लागते, तो नियम आव्हान वाढवत नाही, फक्त नवख्याला पिळतो.

सध्या भाच्याचा सिल्कसाँग चालू आहे, हॉलो नाइटचा पुढचा खेळ, जो सप्टेंबर २०२५ मध्ये आला. लास्ट जज या बॉसपर्यंतच्या लांबलचक वाटेने त्याला पुरते जेरीस आणले, आणि रनबॅकबद्दलचे माझे म्हणणे त्याने त्या रात्री प्रथमच विरोध न करता ऐकून घेतले. मात्र त्याच खेळातली एक गोष्ट त्याने मला दाखवली आणि ती मला मनापासून आवडली. त्यात पैशांच्या जागी असलेले सुटे रोझरी मणी मेल्यावर हातचे जातात, पण थोडी तूट सोसून ते आधीच माळेत ओवून घेतले तर ती माळ सुरक्षित राहते. म्हणजे अनोळखी वाटेवर पाऊल टाकण्याआधीच खेळाडूला ठरवावे लागते की किती मणी सुटे ठेवायचे, कितींवर पाणी सोडायचे आणि किती जपायचे. इथे नुकसानीची भीती खरी आहे, ती भाच्याला हवी तशी बोचते, आणि तिचा हिशेब मरणानंतरच्या कंटाळ्यात होत नाही, तर त्याआधी, विचार करून होतो. भाचा आता खेळातल्या विसाव्याच्या बेंचवरून उठण्यापूर्वी माळा मोजतो, आणि मीही त्याच्या शेजारी बसून, या वेळी किती सुटे ठेवावेत यावर त्याच्याशी वाद घालतो.