पिस्टनवरचा आकडा

किक मारली आणि पाय कुठेही न अडता थेट खाली गेला, तेव्हाच शंका आली. माझ्या या जुन्या साडेतीनशे सीसीच्या गाडीची किक इतकी गरीब कधीच नव्हती. जरा चुकलं की उलटी येऊन पोटरीवर रट्टा द्यायची. आता कुणीही यावं आणि किक मारून जावं! धूर तर केव्हापासून निळा होता. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे ठाऊक असूनही मी ते थंडीवर ढकलत होतो. घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. त्यात इंजिन पाहावं उघडून हेही जोडायला हरकत नाही.

शेवटची आशा म्हणून प्लग काढला, भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं आणि पुन्हा किक मारली. एकदम जड! म्हणजे व्हॉल्व्ह बहुधा निर्दोष, चोर पिस्टनभोवतीच्या रिंगाच. ऑइलने त्यांच्या कडेची गळती घटकाभर बुजवली होती, एवढंच.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवलं, सिलिंडर वर ओढून काढला. आतली भिंत आरशासारखी चकचकीत. नवखा माणूस ते पाहून खूश होतो, पण ती चकाकी हेच दुखणं: ऑइल धरून ठेवणारे बारीक तिरके ओरखडे पार झिजून गेलेले. वरच्या कडेपासून नख खाली सरकवलं, तर थोड्याच अंतरावर ते टक्कन अडलं. पायरी पडली होती. पायरीच्या वर रिंग पोचतच नाही, त्यामुळे तेवढी पट्टी मूळ मापाची राहते. आणि तिच्या लगेच खाली सगळ्यात जास्त झीज. नव्वद मिलिमीटरचा स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव), मिनिटाला तीन हजार फेरे, म्हणजे पिस्टनची मिनिटाला ५४० मीटरची वारी. पण भिंत खरी खाल्ली जाते ती वरच्या वळणावर. तिथे तो क्षणभर थांबतो, आग जवळ असते आणि ऑइलचा थर तुटतो.

पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडला, तर खालून आकडा निघाला: ०.५०. गाडी विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘इंजिनाला हात लागलेला नाही.’ हात लागला होता. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, अर्ध्या मिलिमीटरने मोठा झाला होता. अशा वाढवलेल्या बोअरसाठीचे ओव्हरसाइज पिस्टन साधारणपणे पाव-पाव मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मिळतात: ०.२५, ०.५०, ०.७५, १.००. पुढे भिंत पातळ होते, मग नवा लायनर, म्हणजे आतली नळी, ठोकावा लागतो. मला वाटलं होतं गोष्ट पहिल्या पानापासून वाचतोय. पुस्तक निम्मं आधीच संपलेलं.

मी उत्साहाने म्हणालो, “काका, सरळ एक मिलिमीटर करून टाका, पुन्हा कटकट नको.” बोअर करणाऱ्या काकांनी माप घेणारा डायल गेज आत फिरवला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “पंच्याहत्तरमध्ये साफ निघतंय. उगाच पायरी कशाला खाता? पुढच्यालाही काही शिल्लक ठेवा की.”

पिस्टन आला, सोबत रिंगांचा संच. रिंगेची फट मापायचं काम मला मनापासून आवडतं. रिंग सिलिंडरमध्ये घालायची, पिस्टनच्याच डोक्याने ढकलून सरळ करायची आणि दोन टोकांमध्ये फीलर गेजची, म्हणजे ठरलेल्या जाडीची, पातळ पट्टी सरकवून पाहायची. सत्तर मिलिमीटरच्या बोअरला पाव मिलिमीटरच्या थोडं वर. फट कमी ठेवली तर तापून फुगलेल्या रिंगेची टोकं एकमेकांना भिडतात आणि भिंत ओरबाडतात. १८५०च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या रेल्वे इंजिनिअरने वाफेच्या इंजिनासाठी अशी कापलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटणारी धातूची रिंग आणली. त्याआधी तागाचं पॅकिंग कोंबत. माझी एक रिंग घट्ट निघाली. बारीक कानस, दोन घासे, पुन्हा पट्टी. पुन्हा दोन घासे. यात घाई केली की नवीन रिंग विकत आणायची.

हेड चढवण्याआधी पिस्टन वर आणून एकदा पाहिला. बाण पुढे, आणि ०.७५ लख्ख. थोड्याच दिवसांत तो आकडा काजळीखाली जाईल. नट तिरके, थोडे थोडे करत आवळले. पहिल्या दोन किकांना गाडी नुसती फुसफुसली.

तिसरीला पोटरीवर रट्टा बसला. अजून काळीनिळी आहे.