तुम्ही विचारलंत म्हणून: माशांचं पाणी पिकाला चालतं का?

शेततळ्यात मासे पाळतो म्हटलं की पाहुणा असो वा शेजारच्या गावचा शेतकरी, प्रश्न ठरलेला: "माशांनी घाण केलेलं पाणी डाळिंबाला चालतं का?" चालतं. आणि पिकाने ते उचलत राहणं माशांच्याही फायद्याचं आहे.

सगळा हिशेब नत्राचा. 28 टक्के प्रथिनं असलेल्या एक किलो खाद्यात साधारण 45 ग्रॅम नत्र असतो. त्यातला पाव ते एक तृतीयांश माशाच्या अंगी लागतो, उरलेला 30 ग्रॅमच्या आसपास पाण्यात उतरतो. हंगामात टनभर खाद्य घातलं, तर युरियाच्या दीड गोणीत असतो जवळपास तेवढा नत्र तळ्यात गेला. थोडा गाळात बसतो, थोडा हवेत उडतो, तरी उरतो तो सोडून देण्यासारखा नाही.

मासा नत्र बाहेर टाकतो तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात, कल्ल्यांवाटे, आणि हा अमोनिया साचला की माशालाच विषारी ठरतो. पाण्यातले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला फारसं बाधत नाही, पिकाची मुळं ते सहज उचलतात. पण या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. दिवसा शेवाळ तो पाण्यात सोडतं, रात्री तेच तो ओढून घेतं. पहाटे रोहू-कटला वर येऊन तोंड उघडू लागले की प्राणवायू घटला असं समजावं. म्हणून माझा एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, रात्रीच जास्त चालतो, आणि खरी काळजी असते ती रात्रीच्या विजेची.

मातीच्या तळ्यात चिखल बरंच पचवतो. प्लास्टिक कागदाच्या तळ्यात विष्ठा आणि उरलेलं खाद्य तळाशीच साचतं. त्यामुळे मी पाणी तळाकडून उचलतो. ते थेट ठिबकला दिलं तर ड्रिपर तुंबणारच. आधी वाळूची गाळणी, मग डिस्क फिल्टर, आणि दोन्ही वरचेवर धुणं. धुतलेलं गढूळ पाणी नारळाच्या आळ्यात जातं.

शेडमधल्या टाक्यांत तेच पाणी फिरवून मासे वाढवायची पद्धतही लोक विचारतात. तिथे रोज नवं पाणी एकूण पाण्याच्या दहा टक्क्यांहून कमी लागतं, ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण दाट टाकीत वीज गेली आणि जनरेटर लागला नाही, तर मासे तासाभरातही दगावू शकतात. नायट्रेट आणि गाळ तिथेही कुठेतरी काढावाच लागतो. ज्याच्याकडे तळं आहे आणि शेजारी बाग आहे, त्याने आधी या दोघांची जोडी जमवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

युरिया किती कमी करायचा, ते मात्र अंदाजाने ठरवू नका. हंगामाच्या मध्यावर तळ्याचं पाणी आणि बागेतली माती तपासून घ्या. उन्हाळ्यात पाणी आटतं तसे क्षारही वाढतात, तेव्हा क्षारतेची तपासणीही सांगा.