आजींनी मला हात लावू दिला नाही

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगलीत घरोघरी जाऊन पेशंट बघते आणि त्यातले बरेचसे सत्तरीच्या पुढचे असतात. ऑक्टोबरमध्ये एका आजींसाठी फोन आला, वय 87, न्यूमोनिया होऊन 11 दिवस ॲडमिट होत्या, आता छाती क्लिअर आहे पण पायावर उभं राहता येत नाही. गेले तर पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, उशाला घंटी, अंगात गाऊन, आणि आजी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

पहिल्या दिवशी त्यांच्या हातात डायनामोमीटर दिला, म्हणजे मुठीची ताकद मोजायचं यंत्र, म्हटलं आजी, माझ्यावर राग काढल्यासारखं दाबा. त्यांनी दात आवळून दाबलं, कोपरापासून हात थरथरला, काटा 7 किलोवर गेला आणि परत आला. आशियातल्या तज्ज्ञांनी 2019 मध्ये जी रेषा ठरवलीय ती बायकांसाठी 18 किलोची आहे, त्याच्या खाली मूठ असेल तर सार्कोपेनियाचा संशय घ्यायचा, म्हणजे वयानुसार स्नायू झडणं. मग खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायला सांगितलं. एकदाही जमलं नाही. चार मीटर चालायला, काकांचा दंड धरून, 13 सेकंद लागले.

काका म्हणजे त्यांचा मुलगा, स्वतः बासष्टचे, बँकेतून रिटायर झालेले. आईवर जीव आहे, त्यात शंकाच नाही. पाणी हातात, ताट हातात, कूस बदलायलासुद्धा ते. मी व्यायामाचं बोलले आणि पायाला वजन बांधायचं म्हटलं तर त्यांचा चेहराच उतरला. म्हणाले, "मॅडम, या वयात वजन? आता तिला आराम मिळू दे की. आयुष्यभर राबलीय ती."

हे वाक्य मला प्रत्येक दुसऱ्या घरात ऐकू येतं आणि दर वेळी पोटात तुटतं, कारण बोलणारा माणूस प्रेमानेच बोलत असतो. पण त्या आरामानेच आजींचे पाय गेले होते, न्यूमोनियाने नाही, निदान एकट्या न्यूमोनियाने तरी नाही. 2007 मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता, त्यात धडधाकट माणसं घेतली, सरासरी वय 67, कुठलाही आजार नाही, आणि त्यांना फक्त 10 दिवस अंथरुणावर झोपवून ठेवलं. दहा दिवसांत प्रत्येकाच्या पायांतून सरासरी जवळजवळ एक किलो मांस गेलं. ही निरोगी माणसं, जेवणखाण नीट असलेली. मग 87 वर्षांच्या, तापात, चहा-बिस्किटावर 11 दिवस काढलेल्या बाईचं काय होत असेल, तुम्हीच विचार करा.

आणि आपल्याकडे तर मुळात शिल्लकच कमी असते असं माझं मत झालंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांचा अभ्यास केला, इंग्लंडमधल्या बाळांशी ताडून बघितलं, तर आपली बाळं वजनाने कितीतरी कमी, पण त्यांच्यात चरबी तेवढी कमी नव्हती, कमी होते ते मुख्यतः स्नायू. ज्या घरात जन्मालाच स्नायूंचं गाठोडं लहान असतं तिथे म्हातारपणी ते लवकर रिकामं होणार, नाही का.

मी काकांना त्या दिवशी बॉस्टनची गोष्ट सांगितली, ती मी सगळ्यांनाच सांगते. 1990 सालची. तिथल्या वृद्धाश्रमात मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 10 जण घेतले, वय 86 ते 96, आणि त्यांना पायांचा वजनाचा व्यायाम दिला, हलकाफुलका नाही, जेवढं जास्तीत जास्त एकदा उचलता येतं त्याच्या 80 टक्क्यांपर्यंत नेलेला. आठवडे फक्त आठ. नऊ जणांनी पूर्ण केला आणि पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली. हाताच्या आधाराशिवाय खुर्चीतून उठताच येत नाही असे तिघं होते, त्यातला एक उठायला लागला. मी मुद्दाम हेही सांगते की तिघांतला एकच, कारण मी जादूचं आश्वासन द्यायला येत नाही.

काका गप्प बसले. आजी मात्र भिंतीकडचं तोंड वळवून म्हणाल्या, "शहाण्णव? मग मी तर लहान आहे."

डॉक्टरांना विचारून, हार्ट आणि किडनीचे रिपोर्ट बघून सुरुवात केली. ते काम बाहेरून बघितलं तर काहीच नसतं हो. खुर्चीवर दोन गोधड्या घड्या घालून ठेवल्या, त्यामुळे बसायची जागा वर आली, त्या उंचीवरून आजी एकदा उठल्या, मी पुढून दोन्ही हात धरलेले. दुसऱ्या दिवशी तीनदा. मग एक हात सोडला. आठवड्याने गोधडीची एक घडी काढली, म्हणजे साधारण दोन बोटं उंची कमी झाली, आणि त्या दोन बोटांनी आजींना असा घाम फोडला की काकूंनी पंखा लावला. मांडीवर हात ठेवला की आत स्नायू कुठे जागा होतो, कुठे नुसताच थरथरतो हे बोटांना कळतं. शिवाय पायाला वजनाचा पट्टा, आधी अर्धा किलो, मग पाऊण, मग एक, आणि बसल्या बसल्या गुडघा सरळ करायचा. शेवटचे दोन जड गेलेच पाहिजेत, हा माझा नियम. सहज जमत असेल तर स्नायूला काही निरोपच जात नाही.

तिसऱ्या आठवड्यातच उठणं सुधारलं तेव्हा काका खूश, म्हणाले मांस भरलं की. मी म्हटलं नाही, एवढ्यात नाही, हे नसांचं काम आहे. वयाबरोबर मणक्यातून स्नायूंकडे येणाऱ्या नसांच्या पेशी मरत जातात, त्यांच्या हाताखालचे स्नायूतंतू पोरके होतात, काही शेजारची नस दत्तक घेते, काही सुकून जातात, आणि त्यात जास्त मार बसतो तो झटक्यात काम करणाऱ्या तंतूंना, जे तोल गेल्यावर पाय चटकन पुढे टाकतात. व्यायामाने पहिल्या काही आठवड्यांत काय होतं, तर ज्या नसा शिल्लक आहेत त्या एकत्र हाक द्यायला शिकतात. मांस नंतर, तेही हळूहळू.

जेवणावरून काकूंशी थोडी ओढाताण झाली. घर शाकाहारी, आजींचा आहार म्हणजे मऊ भात, वरणाचं पाणी, चहात बुडवून टोस्ट. पचायला हलकं म्हणून. पण म्हाताऱ्या स्नायूला प्रोटीनची हाक कमी ऐकू येते, तेवढंच खाऊन तरुण स्नायू जेवढा बांधणीला लागतो तेवढा तो लागत नाही, म्हणून वय झाल्यावर प्रोटीन कमी नाही, जास्त लागतं, आणि व्यायामानंतर त्याचे कान जरा उघडतात. आजींचं वजन 41 किलो, डॉक्टरांनी दिवसाला 50 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन ठरवून दिलं. मग घट्ट वरण, पिठलं, मुगाचं धिरडं, दूध, दही, दाण्याचं कूट सगळ्यात. काकूंनी मनावर घेतलं, वाटी मोजून द्यायला लागल्या.

मधेच नातवाने परदेशातून एनएमएनच्या कॅप्सूल पाठवल्या, वय थांबवणाऱ्या म्हणून, बाटलीची किंमत ऐकून मी गप्पच झाले. त्या कॅप्सूलने रक्तात एनएडी नावाचं, पेशींना ऊर्जेच्या कामाला लागणारं द्रव्य वाढतं हे माणसांत दिसलंय, पण त्याने म्हातारं माणूस खुर्चीतून उठायला लागतं असा भरवशाचा पुरावा मला तरी सापडलेला नाही. मी नातवाशी फोनवर बोलले, म्हटलं बाळा, तुझं प्रेम कळतं, पण त्याऐवजी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल कर आणि आजीला तुझ्यासमोर पाच वेळा उठायला लाव. त्याने ते केलं, एकही दिवस चुकवला नाही. त्या पोराचं मला फार कौतुक आहे.

आता तो दिवस. नववा आठवडा, मंगळवार, डिसेंबरची थंडी. मी सव्वानऊला पोचले तर पलंग रिकामा. काका बँकेत गेलेले, काकू आंघोळीला. माझ्या छातीत धस्स झालं, कारण रिकामा पलंग आणि शांत घर म्हणजे पडल्या असतील हेच पहिलं मनात येतं. धावत स्वयंपाकघरात गेले तर आजी पाटावर बसल्या होत्या. जमिनीवर. साडी नेसून! मी त्यांना साडीत पहिल्यांदाच बघत होते. समोर परात, शेजारी पावट्याच्या शेंगा, आणि अंगठ्याच्या नखाने शेंगेची शीर ओढून दाणे परातीत टाकणं चाललेलं, टप टप.

"आजी, खाली कशा बसलात?"

"बसले. ओट्याला धरून, मग स्टुलाला धरून, मग गुडघा टेकून."

जमिनीवर बसणं मी शिकवलंच नव्हतं. उठण्याची एक पायरी फक्त दाखवली होती, तीही पलंगावर, कूस वळून गुडघ्यावर यायची. मी पर्स टाकली आणि त्यांच्या काखेत हात घालायला वाकले, अगदी आपोआप, दहा वर्षांची सवय. आजींनी माझा हात बाजूला केला. "हात लावू नकोस. बघ नुसतं."

मी मागे सरकले नाही, अगदी जवळ गुडघ्यावर बसले, हात त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब. त्यांनी आधी परात ढकलली, साडीच्या निऱ्या गुडघ्यांत खोचल्या, उजव्या कुशीवर वळल्या, दोन्ही तळवे फरशीवर, मग रांगत्या मुलासारख्या गुडघ्यांवर आल्या. तिथे थांबल्या. श्वास मोजत होत्या की देवाचं नाव घेत होत्या माहीत नाही, ओठ हलत होते. मग स्टुलावर एक हात, डावा पाय पुढे, पाऊल सपाट, आणि मांडी थरथरायला लागली. ती थरथर मला ओळखीची होती, गोधडीची घडी काढल्यावरची तीच. मला वाटलं आता बसतात खाली. नाही बसल्या. दुसरा हात ओट्याच्या कडेला गेला आणि त्या उभ्या राहिल्या, पूर्ण, पदर सारखा करत. काकू ओले केस घेऊन दारात उभ्या, तोंडावर हात, डोळ्यांत पाणी. माझ्याही.

त्याच दिवशी सगळं परत मोजलं. पाच वेळा उठबस, हाताशिवाय, 24 सेकंद. बाराच्या आत व्हायला पाहिजे, म्हणजे दुप्पट, पण नऊ आठवड्यांपूर्वी एकही नव्हती. चार मीटर आठ सेकंदांत, कुणाला न धरता. मूठ मात्र 8 किलो, एकच किलो वाढली. काका संध्याकाळी फोनवर त्यावरच अडकले, म्हणाले बॉल आणू का दाबायला, मूठ कमी असेल तर आयुष्य कमी असं मी वाचलंय. त्यांनी वाचलं ते खरं आहे, 17 देशांत, भारतासकट, जवळजवळ एक लाख चाळीस हजार लोकांच्या मुठी मोजल्या होत्या, 2015 मध्ये ते छापून आलं, आणि मूठ दर 5 किलोने कमी तसा मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी जास्त दिसला. पण मूठ हा काटा आहे हो, इंजिन नाही. बॉल दाबून काटा हलेल, आजींना संडासला एकटीने जाता येणार ते मांड्यांनी. बॉल आणा, हरकत नाही, पण मांडीचा व्यायाम एक दिवस चुकवू नका.

आणि हे मी फार निक्षून सांगितलं, कारण जानेवारीत त्यांच्याकडे लग्न होतं आणि काका म्हणत होते तेवढे पंधरा-वीस दिवस सुट्टी घेऊ. बॉस्टनच्याच लोकांनी व्यायाम थांबवल्यावर परत मोजलं होतं, चार आठवड्यांत ताकद 32 टक्क्यांनी घसरली. मग काकूच म्हणाल्या, लग्नाच्या हॉलमध्येपण खुर्च्या असतातच की, मी घेईन करून.

मंगळवारी निघताना मी चपला घालत होते तर आजी जिन्याकडे बघून म्हणाल्या, गच्चीत वाळवण घालायला यंदा मीच जाणार. अकरा पायऱ्या आहेत. मी चपला काढल्या. कठडा धरून, मी एक पायरी मागे, असं करत तीन चढलो. चौथीवर दम लागला, नाडी 104, म्हणून तिथेच थांबलो, आजी पायरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि मग हळूहळू खाली आलो. शुक्रवारी परत.