नमुना ७ लाकूड नाही, नमुना १२ मात्र आहे!

आधी दुरुस्ती. मागच्या नोंदीत माझ्या गोळा केलेल्या दगडांपैकी ज्या नमुना ७ चं एवढं कौतुक केलं होतं, ते अश्मीभूत खोड नाही, अकीक आहे. चार महिने मी ते लाकूड समजत होतो.

फसवलं पट्ट्यांनी. आडव्या छेदावर एकात एक गेलेली वलयं, झाडाचं वय मोजावं इतकी रेखीव. रविवारी मार्बल कापणाऱ्या कारागिराकडून उभा काप करून घेतला, तर तिथेही तशीच वलयं. खरं लाकूड बाजू बदलली की रूप बदलतं: आडवं कापलं तर नळ्यांची तोंडं, उभं कापलं तर लांब धागे. याचे पट्टे कुठूनही पाहा, पोकळीच्या भिंतीला धरून वळतात. १० पट भिंगाखाली पेशीचा मागमूस नाही. लाव्हातल्या पोकळीत सिलिका थरावर थर साचली, एवढंच.

मग नाकारलेल्या दगडांची पेटी पुन्हा उपसली. सावनेरच्या पलीकडे शेतकऱ्याला विचारून विहिरीच्या दगडांच्या ढिगातून उचललेला १२ नंबर त्यात होता. तपकिरी दगड, त्यावर फिकट ठिपके, वलय एकही नाही. मी त्याला बुडबुडे भरलेला बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा दगड, ठरवून टाकलं होतं. बेसाल्टमधले वायूचे बुडबुडे नंतर पांढऱ्या खनिजांनी भरतात आणि असेच ठिपके दिसतात. पण चाकूचं टोक ठिपक्यांवरून घसरलं, उलट पोलादाचीच करडी रेघ दगडावर उमटली. ठिपक्यांत कॅल्साइटसारखं मऊ खनिज असतं तर चरा पडला असता. म्हणजे दगड आतबाहेर चर्ट, सिलिकाचा कठीण दगड.

घासायला सहा संध्याकाळी गेल्या. १२० नंबरच्या पॉलिशपेपरपासून १२०० पर्यंत, सतत पाणी टाकत (सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसात नको, मास्क लावाच). गाड्यांना रंग देणाऱ्यांच्या दुकानातला काळा वॉटरपेपर सुतारकामाच्या कागदापेक्षा कितीतरी पटीने टिकतो. आणि ‘६० पट’ लिहिलेली स्वस्त भिंगं घेऊ नका. कडेला सगळं धूसर आणि रंगीत दिसतं. चांगलं १० पट भिंग पुरतं.

१२०० नंतर पाणी लावून पाहिलं आणि हात थांबला. प्रत्येक ठिपक्याच्या एका बाजूला दाट गडद टोपी, दुसऱ्या बाजूला एक-दोन मोठी भोकं. दगड फिरवला तर बाजूच्या अंगावर ठिपक्यांऐवजी समांतर रेघा! बुडबुडे असते तर इथेही ठिपकेच दिसले असते. मी वलयं शोधत होतो, आणि ताडवर्गातल्या झाडांना वाढवलयं नसतातच. त्यांचे पाणी-अन्न वाहून नेणारे धागे खोडभर विखुरलेले असतात आणि सालीकडे जास्त दाटतात. या तुकड्यातले ठिपके म्हणजे असेच आडवे कापलेले धागे, आणि इथेही एका कडेला ते दाट आहेत. म्हणजे हे पाल्मोक्सिलॉन, ताडवर्गातल्या अश्मीभूत खोडांना दिलं जाणारं नाव. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन उद्रेकांमधल्या शांत काळात तळ्याकाठी उभं असलेलं झाड माझ्या टेबलावर आहे! हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी १९ व्या शतकात नागपूरच्या टाकळीतून वनस्पतींचे जीवाश्म गोळा केले, ते याच आंतरट्रॅपी, म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या, थरांतून.

त्याच ढिगातल्या पांढुरक्या चर्टमध्ये एक छोटी गोगलगायही मिळाली. नुसता वळणदार डाग असता तर सोडून दिला असता, पण वेढे टोकाकडे बारीक होत जातात, आणि टोक वर धरलं की तोंड डावीकडे येतं. फायसा, गोड्या पाण्यातली डावखुरी गोगलगाय!

पुढे १२ ची पातळ चकती कापून घ्यायची होती. हे लिहिताना बेत बदलला. तुकडा एकच आहे, आणि मार्बल कटरच्या पात्याच्या जाडीएवढा भाग धुळीत जातो. त्याऐवजी पॉलिश केलेल्या अंगावर ग्लिसरीनचा थेंब, वर काचेची पट्टी, आणि बाजूने टॉर्चचा तिरपा उजेड टाकून फोटो. शिवाय त्याच शेताच्या बांधावर ताडवर्गातल्याच शिंदीचं एक पडलेलं खोड आहे. त्याची चकती मागून आणतो, तीही घासतो आणि १२ च्या शेजारी ठेवतो. पेटीतल्या उरलेल्या सगळ्या ‘ठिपकेवाल्यां’चं एक अंग ओलं करून बघायचंय, आज रात्रीच.