पडलेला 'अ'

नौपाड्यातल्या आमच्या इमारतीचं नाव 'अनिकेत'. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. दर्शनी भिंतीवर पितळेची चार अक्षरं होती. त्यातलं पहिलं एका पावसाळ्यात पडलं, ते परत कुणी बसवलं नाही. दर सभेत विषय निघायचा आणि पाण्याच्या टाकीच्या गळतीत वाहून जायचा. त्यामुळे कितीतरी वर्षं आम्ही 'निकेत'मध्ये राहत होतो.

यातली गंमत कळली ती रिडेव्हलपमेंटला गेल्यावर. बिल्डरचं भाडं, अकरा महिन्यांचा करार, आणि सोळा बिऱ्हाडं कोपरी, कळवा, घोडबंदर अशी पांगली. भाड्याच्या घरात खोक्यांच्या मधे पाट टाकून आई गीतेचा बारावा अध्याय म्हणत होती. 'अनिकेतः स्थिरमतिः'पाशी थांबली.

"अगं, अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो! आणि आपण भिंतीवर पाटी लावून बसलो होतो."

निकेत म्हणजे घर. म्हणजे 'अ' पडला तेव्हा आमची पाटी दुरुस्त झाली होती, आणि आम्ही दर सभेत ती पुन्हा बिघडवायचे ठराव मांडत होतो.

माझ्या वर्गात दरवर्षी एक तरी अनिकेत असतो. बहुतेकांच्या आईबापांनी घरासाठी वीस वर्षांचं कर्ज काढलेलं. कुणी पोराचं नाव 'बेघर' ठेवेल का? अर्थ तर तोच. पण संस्कृतातून आला तर तो देवाचा लाडका भक्त, फारसीतला 'बे' लावून आला की सरकारी रकाना. 'भणंग' त्याच्याही खाली. त्याचं घर तर गेलंच, अंगावरचं धडुतंही गेलं. 'फिरस्ता' त्या मानाने बरा, त्याच्या खांद्याला निदान झोळी आहे. शनिवारी गड चढणारे स्वतःला कौतुकाने 'भटके' म्हणवून घेतात, कारण रविवारी रात्री उघडायच्या दाराची किल्ली सॅकच्या आतल्या कप्प्यात असते. मुलगी उशिरा आली तर मात्र 'भटकभवानी'. (ही पदवी मी दहावीच्या आधीच मिळवली होती.) सोसायटीच्या फळ्यावर 'भटकी' फक्त कुत्री.

शाळेच्या दाखल्यावर 'भटके-विमुक्त' लिहिताना यातला 'विमुक्त' मला दर वेळी टोचतो. 1871च्या कायद्याने इंग्रजांनी कितीएक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, म्हणून विमुक्त. सुटका झाली ती शिक्क्यातून. मुलाला पत्ता विचारला की तो अजून पुलाचं नाव सांगतो.

ज्ञानेश्वरांनी या 'अनिकेत'चं काय केलं बघा. ज्याला घर नाही, असं सरळ मराठी करून ते मोकळे झाले नाहीत. 'हें विश्वचि माझें घर' म्हणाले. नकाराचा 'अ' पुसून टाकला आणि भिंतीही पाडल्या. आळंदीत वाळीत टाकलेल्या घरातला हा मुलगा; घर नसणं त्याला कोशात बघावं लागलं नसणार.

आमच्यासारख्यांना मात्र व्याख्या लागते. 28 फेब्रुवारी 2011च्या रात्री मी जनगणनेच्या ड्यूटीवर होते. त्या एका रात्रीत देशभरातल्या बेघरांची मोजणी होती. कोण बेघर, ते सूचनांमध्ये स्पष्ट होतं: फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, सिमेंटच्या पाइपात, फलाटावर, जिन्याखाली उघड्यावर राहणारे. स्टेशनजवळ एका बाईला नाव विचारलं तर ती आधी उठून बसली आणि गोधडी नीट घडी करून बाजूला ठेवली, घरी पाहुणे आल्यासारखी. पुढे आकडा जाहीर झाला, सुमारे 17 लाख 73 हजार.

रात्री दमून परत आले तेव्हा वॉचमनमामा आमच्या जिन्याखाली मीटरच्या पेट्यांना लागून झोपले होते. चपला हातात घेऊन मी हळूच वर गेले. मोजणीसाठी तो भाग माझ्याकडे नव्हता. खरं सांगायचं तर तेव्हा मनातही आलं नाही.

बिल्डरने भाडं दिलं ते सभासदांना. मामा सभासद नव्हते. शेवटच्या दिवशी, टेम्पो भरून झाल्यावर, ते मीटरच्या पेट्यांमागून काहीतरी घेऊन आले. हिरवं पडलेलं, टोकाला वाकलेलं.

"बाई, हे तुमचंच ना? पडलं तेव्हा उचलून ठेवलं होतं. कुणी मागितलंच नाही."

तो 'अ' आता वर्तमानपत्रात गुंडाळून भाड्याच्या घराच्या माळ्यावर ठेवलाय. नव्या टॉवरला बिल्डरने भलतंच इंग्रजी नाव सुचवलंय, आणि पुढच्या सभेत त्यावर भांडण ठरलेलं आहे. आईने मामांना कळवायला सांगितलं होतं. दोनदा फोन केला. बंद लागतो.