काळा डाइस कोणी उचलायचा?

मागच्या महिन्यात आमच्या रोल-प्लेइंग गेममध्ये (टेबलाभोवती बसून प्रत्येकजण एकेक कॅरेक्टर होऊन गोष्ट खेळतो, मी जीएम, म्हणजे खेळ चालवणारा) एक प्लेअर माझ्यावर चांगलाच वैतागला. त्याच्या कॅरेक्टरने बांधलेल्या कैद्याला मारलं आणि मी लगेच म्हणालो, तीन करप्शन पॉइंट, म्हणजे वाईट वागल्याचे गुण, लिही. तो म्हणाला अरे आधी सांगायचंस ना. बरोबरच होतं त्याचं, असे पॉइंट द्यायला लागलं की जीएमचा मास्तर होतो आणि बाकीचे अंगठे धरून उभे.

मग जुने नियम काढून बसलो. वेस्ट एंड गेम्स कंपनीच्या स्टार वॉर्समध्ये (१९८७ चा असाच गेम) वाईट वागल्याचा डार्क साइड पॉइंट मिळाला की एक सहा बाजूंचा डाइस टाकायचा, आकडा तुमच्या एकूण पॉइंटपेक्षा कमी आला तर कॅरेक्टर गेलं, जीएमच्या ताब्यात. पहिल्या पॉइंटला काहीच होऊ शकत नाही, दुसऱ्याला फक्त एक आला तर, आणि मग दर वेळी पोटात गोळा वाढत जातो. साधा नियम, पण काम चोख.

व्हॅम्पायर या दुसऱ्या गेमच्या पाचव्या आवृत्तीत वेगळीच गंमत आहे. ह्युमॅनिटीचे, म्हणजे माणुसकीचे, दहा चौकोन, जितकी माणुसकी तितके भरलेले, वाईट वागलात की रिकाम्या चौकोनांत डाग, आणि सेशन संपताना उरलेल्या रिकाम्या चौकोनांइतके डाइस टाकायचे, पश्चात्ताप होतोय का बघायला. सात ह्युमॅनिटी आणि दोन डाग म्हणजे हातात एकच डाइस, पश्चात्तापाची शक्यता पन्नास टक्के! पण चार ह्युमॅनिटीवाल्याला तेवढ्याच डागांना चार डाइस मिळतात, म्हणजे जो आधीच घसरलाय त्याला पश्चात्ताप सोपा. मला हे आधी उलटं वाटलं, आता वाटतं मुद्दाम असेल, चांगल्या माणसालाच घसरायची भीती जास्त.

तरी दोन्हीकडे हिशोब मागून होतो, आधी पाप मग बिल. मला आमिष आधी हवं होतं. म्हणून आता टेबलाच्या मधोमध एक काळा डाइस ठेवतो. कुठल्याही रोलला तो उचलून जोडा, कोणी अडवणार नाही, फक्त रोल फसला तरी कॅरेक्टरच्या माहितीच्या कागदावर, शीटवर, खूण करायची आणि त्या डाइसने कॅरेक्टर नेमकं काय वाईट करतंय ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं. हे सांगणंच खरं महाग पडतं, नुसती खूण करायला कोणाचं काय जातं. मी मात्र 'घे ना' असं एकदाही म्हणायचं नाही, जीभ चावून बसायचं.

परवा पूल तुटत होता आणि पलीकडे त्याच प्लेअरच्या कॅरेक्टरची बहीण. त्याने डाइसकडे बघितलं, उचलला, परत ठेवला, बाकीचे गप्प. मग उचललाच. म्हणाला, मध्ये जो म्हातारा दोर धरून उभा आहे त्याला मी ढकलतो. रोल केला, काळ्यावर एक आला, बाकीचेही पडले, बहीण गेली आणि म्हाताराही.

मी काहीच बोललो नाही. त्याने शीट ओढली आणि खूण केली, पेन्सिल समोर पडलेली असताना पेनाने.