ढेकणांचं औषध आणि ‘उद्या नक्की येतो, काकू’

लातूरच्या ट्यूशन एरियात ज्याच्या घराला माडी आहे, त्याच्या माडीवर लेकरं आहेत. आमच्या माडीवर नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या पोरी राहतात, नांदेड, परभणी, अंबाजोगाईकडच्या. दर वर्षी नव्या पोरी, नव्या बॅगा, नव्या गाद्या. तिथं ढेकूण आज ना उद्या येणारच. ‘तुमच्याकडं ढेकूण?’ असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आधीच सांगते, ढेकूण रक्तावर जगतो, कचऱ्यावर नाही. झाडून-पुसून लख्ख केलेल्या खोलीतही तो बॅगेच्या शिवणीत बसून एसटीनं येतो.

कळायला उशीर होतो. एका पोरीच्या अंगावर पित्त उठतंय म्हणून ती आमसुलाचं पाणी लावत होती, गोळ्याही खात होती. शेवटी गादी उलटी केली, तर शिवणीला शाईचा पेन टेकवल्यासारखे काळे ठिपके. ती ढेकणांची विष्ठा. सकाळी चादरीवर रक्ताचा डाग आणि अंगावर एका रांगेत गांधी उठल्या, तर डासाला दोष देत बसू नका.

कडुनिंबाचा पाला, कापूर, रॉकेल, सगळं झालं. त्याचं वर्णन करत नाही, कशाचाही उपयोग झाला नाही. चादरी तेवढ्या उकळत्या पाण्यात घातल्या. ज्या गावाला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं माडीभर अंथरुणं धुवायची म्हणजे टँकरवाल्याची आधी मनधरणी.

मग पेस्ट कंट्रोलवाल्यांना फोन. पहिल्यानं दर एकदम कमी सांगितला. काय मारणार म्हणून विचारलं तर म्हणाला, ‘गव्हात ठेवायच्या गोळ्या ठेवू ना काकू, दार बंद करायचं, सकाळी सगळं साफ.’ फोन तिथंच ठेवला. त्या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन वायू सुटतो आणि तो फटीतून शेजारच्या खोलीत जातो. त्यानं झोपेत माणसं गेलेली आहेत. राहत्या घरात त्या वापरायच्याच नाहीत. गोदामातसुद्धा मान्यताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच वापरायच्या, असा नियम आहे. आपल्याकडं आडतीवर, दालमिलमध्ये त्या सगळ्यांच्या ओळखीच्या, म्हणून भीती मोडलीय. तुम्हाला कुणी गोळी म्हणालं की त्याला दारातूनच परत पाठवा, मग तो फुकट का करून देईना.

दुसऱ्याकडं लायसन होतं. लायसन म्हणजे दुकानाचं शॉप ॲक्ट नव्हे. कीटकनाशक कायदा १९६८ खाली पेस्ट कंट्रोल करणाऱ्याला वेगळा परवाना लागतो. तो भिंतीवर टांगलेला असतो, फोटो मागवायचा आणि मुदत बघायची. बिल पाहिजे तर १८ टक्के जीएसटी वर, असंही तो म्हणाला. बिल घ्या. का, ते पुढं येईल.

मे महिन्यात परीक्षा होऊन पोरी गावी गेल्या, तेव्हा पहिला फवारा झाला. काही अडलं नाही. अडलं ते पुढं.

ढेकणाच्या अंड्यावर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही. गरम हवेत ६ ते १० दिवसांत अंडी फुटतात आणि पिल्लं बाहेर येतात. ती मोठी होऊन स्वतः अंडी घालायच्या आत दुसरा हात मारायचा असतो, साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पहिल्या फवाऱ्यानं काम अर्धंच होतं. हे मला त्या माणसानंच समजावून सांगितलं होतं, अगदी हातवारे करून. आणि दोन आठवड्यांनी तोच गायब.

‘काकू, उदगीरला साइट चालू आहे, उद्या नक्की येतो.’ मग औषध पुण्याहून यायचं होतं. मग मृगाचा पाऊस पडला आणि त्याचा पोरगा गावाकडं सोयाबीन पेरायला गेला. पेरणीला माझी ना नाही, आमचीही जमीन आहे औशाकडं. पण फवारा मारायला एकच पोरगा आहे हे पैसे घेताना का नाही सांगितलं? पुढं फोन त्याची बायको उचलायला लागली. ती बिचारी ‘ते गाडीवर आहेत’ एवढंच म्हणायची. आमचे हे म्हणाले, जाऊ दे, दुसरा बघ. पण मला तो गोड आवाज ऐकून ऐकून असा राग बसला होता की मला दुसरा नको होता, तोच पाहिजे होता.

एकदा सापडला फोनवर, तर काय म्हणावं? ‘काकू, ढेकूण दिसतायत का? दिसले की फोन करा, मी हजर.’ अहो, खोल्या रिकाम्या. माणूस नाही तर ढेकूण बाहेर येऊन काय करील? रक्ताशिवाय तो फटीत महिनोन्‌महिने जिवंत बसतो. सुट्टीत खोली बंद ठेवली की उपासमारीनं मरतील, हा हिशोब घरमालकांनी सोडून द्यावा. दिसायची वाट बघायची म्हणजे नव्या पोरी झोपवून त्यांना चावून घ्यायची वाट बघायची. हे सगळं त्याला सांगितलं. तो ‘बरोबर आहे काकू’ म्हणाला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

ग्यारंटी कार्ड काढून वाचलं. मोठ्या अक्षरात ‘सहा महिने ग्यारंटी’, खाली बारीक अक्षरात ‘आवश्यकतेनुसार पुढील सेवा’. आवश्यकता कोण ठरवणार? तोच. तेव्हा कार्डावर जाऊ नका, दुसऱ्या फवाऱ्याची तारीख बिलावर पेनानं लिहून घ्या.

निम्मे पैसे मी अडकवून ठेवले होते आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. फक्त त्यानं तो आला नाही. निम्म्यातच त्याचं भागलं असणार. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या टिका उमटल्या, माणूस उमटला नाही.

तोवर जूनच्या बॅचची माणसं यायला लागली. गंगाखेडकडचे एक वडील आले. बाथरूम बघितलं नाही, पाण्याचं विचारलं नाही, सरळ गादीचा कोपरा उचलून मोबाइलची बॅटरी मारली. त्यांच्या थोरल्या पोरीनं आधी कुठंतरी भोगलं होतं म्हणे. मी म्हणाले, फवारा अर्धा झालाय, दुसरा झाल्याशिवाय मीच कॉट देणार नाही. ते पोरीला घेऊन शेजारी गेले. त्या दिवशी त्या फवारावाल्याचा नंबर मी ब्लॉक केला.

नंतर मिळाले ते दालमिलच्या गोदामांचं पेस्ट कंट्रोल करणारे एक वयस्कर गृहस्थ. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘ताई, आधी कोणतं औषध मारलं?’ बिल दाखवलं. त्यावर ‘पेस्ट कंट्रोल सेवा, माडी’. आता काय बोलणार? बऱ्याच ठिकाणच्या ढेकणांना पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांची सवय झालेली असते, तेच परत मारलं तर पैसे पाण्यात. म्हणून औषधाचं नाव आणि प्रमाण बिलावर पाहिजे. डब्याचा फोटोही काढून ठेवा. त्यावर रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. माझ्याकडं यातलं काहीच नसल्यानं त्यांनी वेगळ्या गटातलं औषध घेतलं.

पैशाचं मीच ठरवलं. आधी एक तृतीयांश, उरलेले दुसऱ्या फवाऱ्यानंतर, दोन्ही तारखा बिलावर. ते हसले आणि सही केली. दुसऱ्या तारखेला भर पावसात रेनकोट घालून आले. मला इतकं हायसं वाटलं की चहाबरोबर जेवणही वाढलं.

त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी आधी लिहायच्या राहिल्या. फवाऱ्यानंतर औषध पूर्ण वाळलं की त्याच खोलीत, त्याच कॉटवर झोपायचं. घाबरून दुसऱ्या खोलीत अंथरूण नेलं की ढेकूणही तिकडं जातो. आणि लगेच फरशी, भिंतीचे कोपरे पुसून काढायचे नाहीत, औषधावरून त्याला चालू द्यायचं. पोरींना हे पटवणं अवघड जातं.

गादी गच्चीवर नुसती टाकून भागत नाही. उन्हाच्या बाजूचा ढेकूण पलटून सावलीच्या बाजूला जातो. काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून मे महिन्याच्या उन्हात ठेवली आणि आतपर्यंत ५० अंशांच्या वर तापली, तर अंड्यांसकट मरतात. पावसाळ्यात हा मार्ग बंद.

आणि लोखंडी कॉट असतील तर पायांच्या टोप्या काढून आत बघा. आमच्याकडं गादीत होते त्याहून जास्त त्या पोकळ पाइपांत निघाले. पाइपात औषध सोडून, ते वाळल्यावर सगळ्या तोंडांना एमसील भरलंय. नव्या कॉट घेताना मी आता वेल्डिंगवाल्याकडून तोंडं बंद करूनच घेते. तो जास्तीचे पैसे मागतो, मी देते.